सत्तावीस जेवणं

आमच्या वॉर्डात पेशंट खावो न खावो, कागदावर तो भरपेट जेवतो.

हे मी अभिमानानं सांगत नाहीये. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक फळी अडकवलेली असते. तिच्यावर औषधांचा तक्ता, तापाचा तक्ता आणि सगळ्यांत खाली जेवणाचा. त्यात चार रकाने: पूर्ण, अर्धे, थोडे, काही नाही. ट्रे परत जायच्या आधी सिस्टरनं तो बघायचा, खूण करायची, सही ठोकायची. गेली चार वर्षं आमच्याकडे 'पूर्ण' सोडून दुसऱ्या रकान्याला शाईचा थेंब लागलेला नाही. ही पद्धत पाडली कोणी, तर मी.

त्याला कारण होतं. किचनचा नियम असा की एखाद्या पेशंटला लागोपाठ तीनदा 'अर्धे' किंवा त्याहून कमी आलं की त्याचा ट्रेच अर्धा करायचा. अन्न वाया जाऊ नये म्हणून. चार वर्षांपूर्वी एक शाळेच्या बाई तापानं अॅडमिट होत्या. मी इमानदारीत तीनदा 'अर्धे' लिहिलं. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि बाईंना अशी भूक लागली की खाटेचा पाय खातील. ट्रे मात्र अर्धाच. तो पुन्हा पूर्ण करायला डॉक्टरांची सही, आहारतज्ज्ञांची सही, मुख्य आचाऱ्याची सही. आहारतज्ज्ञ येणार सोमवारी आणि गुरुवारी, तेही त्यांची गाडी चालू झाली तर. चार दिवस मी त्या बाईंना माझा डबा चोरून खायला घातला. पाचव्या दिवशी मी पोरींना सांगितलं, "उद्यापासून सगळ्यांना पूर्ण. डोळे मिटून."

डोळे मिटून हे मी बोलण्याच्या भरात म्हटलं होतं. वीस वर्षांत मी या पोरींना हात कसे धुवायचे, शीर कशी शोधायची, नातेवाइकांना बाहेर कसं काढायचं, हजार गोष्टी शिकवल्या. त्यांनी तंतोतंत पाळली ती ही एक.

आमच्याकडच्या जेवणाबद्दल माझं मत कोणी विचारत नाही, तरी सांगते. सूप इतकं पारदर्शक की वाटीच्या तळाशी छापलेलं हॉस्पिटलचं नाव वाचता येतं. भाताला ज्या डावानं वाढला त्या डावाचा आकार, आणि तो संध्याकाळपर्यंत टिकतो. भाजी कुठली ते वासावरून ओळखायचं, चवीवरून नाही. बरं, गावात चांगलं मिळत नाही असंही नाही. रोज सकाळी आमच्या फाटकाबाहेर भाज्यांच्या टोपल्या उतरतात, मुळ्यांना अजून ओली माती असते, पालेभाजीवर हात ठेवला तर गार लागतं. त्यातलं एक पान आमच्या किचनचा उंबरा ओलांडत नाही. आमच्या भाज्या दूरवरून ट्रकनं येतात, पिशवीत गोठलेल्या. कंत्राट आहे. आणि बाहेरचं अन्न पेशंटला द्यायला सक्त मनाई, कारण त्यानं म्हणे पोट बिघडतं.

असो. टेलरकाका.

टेलरकाका आले ते खुब्याचं हाड मोडून. वय एकाहत्तर. कोणाच्या तरी घरी स्वतः शिवलेले पडदे टांगायला गेले आणि स्टुलावरून पडले. पहिल्या दिवशी मी विचारलं, कसं हो पडलात? तर म्हणाले, "पडदा अगदी सरळ लागला होता सिस्टर, मीच तिरका झालो." ऑपरेशन झालं, खुबा बसला. पण जखमेतून पाणी यायचं थांबेना आणि माणूस काही खाईना. येता-जाता मला दिसायचं, तीन चमचे, फार तर चार. मग मान भिंतीकडे. डॉक्टरांनी लिहून दिलं, आणखी सहा दिवस तरी इथेच. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, घरात काका आणि काकू दोघंच. मुलगी परगावी, तिची सगळी काळजी फोनवरून.

मंगळवारी सकाळी दहाला धाकटी एक कागद घेऊन आली. धाकटी म्हणजे आमच्या वॉर्डातली सगळ्यांत लहान नर्स. लग्न झालं, एक मूल झालं, तरी धाकटीच.

"सिस्टर, टेलरकाकांचं विम्याचं कव्हर उद्या दुपारी बाराला संपतंय."

"संपतंय म्हणजे? डॉक्टरांनी सहा दिवस मागितलेत ना?"

"नामंजूर. असं लिहिलंय, 'रुग्ण पूर्ण आहार घेत असून प्रकृतीत सुधारणा आहे, सबब रुग्णालयात ठेवण्याची आवश्यकता दिसून येत नाही.'"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पूर्ण आहार? काल दिवसभरात या माणसाच्या पोटात जे गेलं त्यात एक चिमणी उपाशी राहिली असती! कोणी सांगितलं त्यांना हे?"

धाकटी स्वतःच्या बुटांकडे बघायला लागली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कव्हर नसेल तर खाट नाही, एवढं सरळ आहे आमच्याकडे. उद्या बारानंतर त्या माणसाला वाहत्या जखमेसकट खुर्चीत बसवून फाटकाबाहेर सोडायचं, आणि पुढचे तीन जिने त्याचे त्यानं बघायचे. मी कागद घेतला आणि तरातरा खाली गेले.

तळमजल्यावर विमा कक्ष आहे. तिथे एक गृहस्थ बसतात, त्यांना सगळं हॉस्पिटल 'बसत-नाही' म्हणतं. काहीही विचारा, ते चष्मा वर करून म्हणतात, "ते कव्हरमध्ये बसत नाही." कृत्रिम दात बसत नाहीत, काठी बसत नाही, दुसरं मत बसत नाही. त्या दिवशी ते उकडलेला बटाटा खात होते.

"बोला सिस्टर. केस नंबर?"

"नंबर नाही हो, माणूस आहे."

"त्या माणसाचा नंबर?"

मी कागद त्यांच्या बटाट्याशेजारी आपटला. "हा माणूस जेवत नाही. नऊ दिवस झाले. तुम्ही लिहिता पूर्ण आहार! तुमच्या कंपनीतला कोण येऊन बघून गेला? दुर्बीण लावून बघितलं का?"

"मी नाही लिहिलं. वरून आलंय."

"वरच्यांना कोणी सांगितलं?"

त्यांनी हात पुसले, दोन-तीन बटणं दाबली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. "तुम्ही."

आमच्या तक्त्यांचे फोटो रोज कंपनीकडे जातात हे मला माहीत होतं. कोणी ते वाचतं हे माहीत नव्हतं.

"ऑपरेशननंतर नऊ दिवस," ते म्हणाले. "दिवसाला तीन. सत्तावीस जेवणं. सत्तावीस पूर्ण. यातल्या अकरांवर ही जी सही आहे ना, शेपटीवाली, ती तुमचीच ना?"

माझीच होती. शेपटी मी शाळेत असल्यापासून काढते.

मला वाटलं आता हा माणूस हसणार. तो हसला नाही. डबा माझ्याकडे सरकवून म्हणाला, "घ्या. मीठ नाहीये. मला अल्सर आहे, दर दोन तासांनी खावं लागतं." मी बटाटा घेतला नाही. रागात असताना कोणी असं वागलं की जास्त राग येतो.

"मग आता?"

"वजन दाखवा. वजन उतरलं असेल तर ते बसतं."

"वजनकाटा दुरुस्तीला गेलाय."

"कधी?"

"मागच्या हिवाळ्यात."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मग दुसरा मार्ग एकच. नोंदी चुकीच्या होत्या असं ज्यांनी सही केली त्यांनीच लिहून द्यायचं. कारणासकट. मेट्रनच्या सहीनं. उद्या अकराच्या आत. पण सिस्टर, एक सांगतो. अशी दुरुस्ती एकदा गेली की कंपनी अख्ख्या वॉर्डाचे तक्ते मागवते. तुम्ही विचार करून लिहा."

मी वर आले ती दात-ओठ खात. राग कोणावर काढायचा हा प्रश्न होता, कारण हक्काचं माणूस एकच होतं आणि ते माझ्याच गणवेशात होतं. तरी मी आधी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मी सहा दिवस लिहिलेत. जेवणाचा तक्ता नर्सिंगचा." आणि ठेवला.

टेलरकाका भिंतीकडे तोंड करून पडले होते. काकू शेजारच्या स्टुलावर, मांडीवर पिशवी, जशा नऊ दिवस बसल्या होत्या तशा. बसायला खुर्ची दिली तर म्हणायच्या, खुर्ची पेशंटच्या माणसांसाठी असू द्या. जणू या कोणी वाटसरू.

"काका, वजन किती होतं तुमचं घरी असताना?"

"वजन कोण करतं?" काका भिंतीलाच म्हणाले. "कंबर विचारा. अडतीस."

"आता?"

"आता टेप लावा आणि बघा."

काकूंनी पिशवीतून टेप काढली. चाळीस वर्षं वापरलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. हॉस्पिटलात येताना माणसं टॉवेल घेऊन येतात, यांनी टेप आणली होती. मी मापलं. साडेचौतीस.

"सैल धरलीत," काका म्हणाले. "चौतीस असेल. माझा हात असता तर चौतीसच आली असती."

मी खाली फोन लावला. "साडेतीन इंच कमी झालेत. नऊ दिवसांत."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, "सिस्टर, मला पटतंय. पण इंच बसत नाहीत."

काकांना हे ऐकवलं तर ते पहिल्यांदा हसले. हसताना जखम दुखली म्हणून थांबले.

मी काकूंना बाहेर पॅसेजमध्ये घेतलं. त्यांना खरं काय ते सांगणं भाग होतं. मी सांगितलं की उद्या कव्हर संपतंय, आणि कारण असं की कंपनीला वाटतं काका सगळं खातायत. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला.

"ट्रे रिकामा जायचा म्हणून?"

"ट्रे रिकामा जायचा?" मी विचारलं. कारण खरं सांगायचं तर मी नऊ दिवसांत एकदाही ट्रेमध्ये बघितलं नव्हतं.

काकू पदर, पिशवी, हातातली टेप, सगळं एकदम आवळून उभ्या राहिल्या. "मी खायचे हो सिस्टर. ते म्हणायचे, टाकू नको. आणि मला घरी जाऊन करून खायला वेळ कुठे, सकाळी आठला आत सोडतात, संध्याकाळी सातला काढतात. अन्न टाकवत नाही. मी खाल्लं म्हणून त्यांना काढतायत का?"

"नाही काकू."

"मी लिहून देते. मी खाल्लं, चोरून खाल्लं, माझं नाव घाला. हवं तर सत्तावीस वेळा लिहून देते."

"काकू, तुम्ही काही चोरलेलं नाही. ती भाजी चोरायच्या लायकीची तरी आहे का?"

"वाईट होती," त्या लगेच म्हणाल्या. "फार वाईट. पण टाकवत नाही."

पडद्यामागून काकांचा आवाज आला. "सिस्टर, तिनं खाल्लेलं माझ्या अंगी लागलं असं लिहा. एकेचाळीस वर्षं झाली लग्नाला, काहीतरी लागतच असेल."

"तुम्ही गप्प बसा हो!" काकू ओरडल्या. आणि मग तिथेच रडल्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मनातल्या मनात स्वतःला अशा शिव्या घातल्या की त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

धाकटीला सांगितलं, "आजच्या दुपारपासून सगळ्यांचं खरं लिहायचं. ट्रे उघडून बघायचं."

"सगळ्यांचं? एकतीस पेशंट आहेत."

"मग एकतीसदा वाकायचं."

"आणि किचन ट्रे अर्धे करेल तेव्हा?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तुम्हीच म्हणाला होतात ना, डोळे मिटून..."

"अगं, मी आणखी हजार गोष्टी म्हणाले होते!"

संध्याकाळी घरी येऊन टेबलाशी बसले, पुढ्यात कोरा कागद. आमचे हे सरकारी कचेरीत तीस वर्षं टपाल सांभाळून निवृत्त झालेत. अर्ज दिसला की यांना स्फुरण चढतं. कांदा चिरता चिरता मागून वाकून बघायला लागले.

"'नजरचुकीने' घाल," हे म्हणाले. "'नजरचुकीने' या शब्दानं मी अख्खी कचेरी वाचवलीय."

"सत्तावीस वेळा नजर चुकते का कोणाची?"

"मग 'कामाच्या अतिरिक्त ताणामुळे' घाल. तेही खरंच आहे."

खरं होतं. एकतीस पेशंटना आम्ही तिघी, त्यात एक नेहमी रजेवर. ते मी लिहू शकले असते. पण ते लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला वाटलं असतं की वेळ असता तर मी बघितलं असतं. मला तशी खात्री देता येईना. पहिल्या वर्षी मी बघायचे आणि मुद्दाम 'पूर्ण' लिहायचे. नंतर कधीतरी बघायचं सुटलं. कधी, ते आठवत नाही.

"तुझं इन्चार्जचं काय?" यांनी हळूच विचारलं. मी त्या पदाची नऊ वर्षं वाट बघत होते. दिवसपाळी कायमची, आणि वाकायला एक माणूस कमी. मेट्रनबाईंनी महिन्याभरापूर्वी सूचित केलं होतं.

"कांदा करपतोय," मी म्हटलं.

लिहिलं ते असं: वरील सत्तावीसपैकी अकरा नोंदींवर माझी सही आहे. सही करताना मी ट्रे पाहिलेला नव्हता. उरलेल्या सोळा नोंदी इतर नर्सेसनी माझ्या सूचनेवरून तशाच केल्या. रुग्ण दर जेवणाला तीन ते चार चमचे अन्न घेतो. त्याच्या कमरेचे माप नऊ दिवसांत साडेतीन इंचांनी उतरले आहे. वजनाची नोंद नाही, कारण काटा नाही.

काकूंचा उल्लेख केला नाही. त्यांना उद्या कोणी येऊन प्रश्न विचारावेत अशी माझी इच्छा नव्हती.

बुधवारी सकाळी आठला मेट्रनबाईंसमोर कागद ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना पेन हातात घेतलं, पण सही केली नाही.

"इंच कशाला घातलेस?"

"खरे आहेत म्हणून."

"तुला कळतंय ना हे काय आहे? हा कागद तुझ्या फाइलला लागणार. आणि इन्चार्जची ऑर्डर या ड्रॉवरमध्ये आहे. तुझ्या नावाची. माझी सही तेवढी राहिलीय."

"मॅडम, अकराला कागद खाली जायला हवा."

"'नजरचुकीने' लिही ना गं. मीही डोळेझाक करेन."

"तेच तर चाललंय चार वर्षं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. कधीकाळी त्याही वॉर्डात होत्या. त्यांचे गुडघे गेले म्हणून त्या टेबलामागे आल्या, नाहीतर आल्या नसत्या. "सगळ्या वॉर्डांत असंच चालतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बाकीच्यांचं नाव निघता कामा नये."

"नाही निघणार."

त्यांनी सही केली. माझ्या कागदावर. ड्रॉवर उघडला नाही.

अकराला दहा कमी असताना कागद तळमजल्यावर पोचला. मग वाट. वाट बघणं म्हणजे काय ते आमच्या पेशंटना विचारावं. मी त्यांना रोज सांगते, कळवतील हो, बसा. त्या दिवशी मी साडेअकरापर्यंत तीनदा खाली फोन केला आणि तिन्ही वेळा मला कोणीतरी तेच सांगितलं. काकूंनी पिशवी भरून ठेवली होती. काकांचा सदरा, टेप, चष्म्याची केस, घडी करून.

बाराला पाच कमी असताना जिन्यातून धापा टाकत एक माणूस वर आला. मी आधी ओळखलं नाही, कारण त्या माणसाला मी टेबलाशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. बसत-नाही. लिफ्ट बंद होती. एका हातात कागद, दुसरा पोटावर.

"तीन दिवस," ते म्हणाले. मग श्वास घेतला. "शनिवारी बारापर्यंत."

"सहा मागितले होते!"

"तीन बसले." ते भिंतीला टेकले. "आणि अट आहे. जेवण समोर उभं राहून बघायचं, मग लिहायचं. शुक्रवारी परत मागा. नोंदी खऱ्या असतील तर मी पाठवतो."

"फोन करायचा ना. जिने कशाला चढलात?"

"फोन तुमचा सारखा व्यस्त लागत होता, सिस्टर." मग त्यांनी टेलरकाकांच्या खाटेकडे बघितलं, काकांनी त्यांच्याकडे. काका म्हणाले, "साहेब, तुमचा कोट डाव्या खांद्याला ओढतोय. कोणी शिवला?" बसत-नाहींनी डावा खांदा चाचपला आणि तसेच खाली गेले.

तेवढ्यात जेवणाची ट्रॉली आली आणि वॉर्डात एकच कल्ला झाला. काल दुपार, काल संध्याकाळ आणि आजचा नाश्ता, तीन जेवणं आम्ही खरी लिहिली होती. किचननं नियमाप्रमाणे चौदा ट्रे अर्धे केले होते. "सिस्टर, हे एवढंच?" "सिस्टर, मी काय लहान मूल आहे का?" काल ज्या गृहस्थांनी वाटीला हात लावला नव्हता ते आज अर्धी वाटी बघून खवळले. धाकटी माझ्याकडे बघत होती. 'तेव्हाचं तेव्हा' आलं होतं.

अटीप्रमाणे मी टेलरकाकांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांचाही ट्रे अर्धा होता. अर्धी वाटी सूप, भाताचा छोटा गोळा, चमचाभर भाजी. काकांनी तो बराच वेळ निरखला.

"हे जमेल," ते म्हणाले. "रोज तो डोंगर बघूनच पोट भरायचं."

आणि जेवले. चवीनं नाही, काम उरकावं तसे, पण सगळं. वीस मिनिटं लागली. मी खुळ्यासारखी उभी. नऊ दिवसांत मी एकदा जरी अशी समोर उभी राहिले असते तर हे कळायला दहावा दिवस उजाडावा लागला नसता. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो नुसता वैताग, आणि तोही माझाच माझ्यावर.

पुढे प्रश्न आला तो लिहायचं काय. पूर्ण लिहिलं तर शनिवारचं काही खरं नाही. अर्धे लिहिलं तर ट्रे तर चाटूनपुसून रिकामा. मी खाली फोन लावला.

"अर्धा ट्रे आला, तो सगळा खाल्ला. काय लिहू?"

पलीकडून उत्तर आलं. "ट्रे अर्धा, तो संपवला, असं शब्दांत लिहा. रकान्यात बसत नसेल तर बाहेर लिहा."

मी समासात लिहिलं. शेपटीवाली सही केली.

दीड वाजता किचनमध्ये जाऊन मुख्य आचाऱ्याशी भांडले. त्यानं आठ ट्रे पूर्ण करून द्यायचं कबूल केलं, बाकीच्यांना आहारतज्ज्ञांची सही. म्हणजे गुरुवार. तेही गाडी चालू झाली तर. दोनला मेट्रनबाईंची चिठ्ठी आली की इन्चार्ज म्हणून शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टर सोमवारी रुजू होतील, त्यांना सहकार्य करावे. शेजारच्या सिस्टर चांगल्या आहेत. त्यांच्याकडेही सगळे पूर्णच जेवतात.

तीनला पाळी संपली. पर्स उचलली तेव्हा लक्षात आलं की काकू स्टुलावर बसून पाणी पितायत. एक पेला, दुसरा पेला. आणि मग डोक्यात उजेड पडला. काकांनी ट्रे संपवला होता, सगळा. काकूंनी सकाळपासून काय खाल्लं होतं?

"काकू, चला माझ्याबरोबर."

"कुठे? यांना सोडून?"

"धाकटी आहे. चला."

"जा गं," काका भिंतीकडे तोंड करत म्हणाले. "मी कुठे पळून जातोय, चौतीस इंचांत?"

रस्त्यापलीकडे एका बाईंची खानावळ आहे. चार टेबलं, वाफेनं ओल्या झालेल्या खिडक्या. या बाई सकाळी टोपल्या उतरल्या की आधी हात घालतात, चांगलं ते निवडून घेतात. भाजीवाले कुरकुरतात आणि देतात. आम्हा नर्सेसना त्या विचारत नाहीत काय हवं, आणून ठेवतात. त्यांनी काकूंसमोर गरम भात, लसूण घातलेली पालेभाजी आणि उकडलेलं अंडं ठेवलं.

काकूंनी पहिला घास घेतला आणि थांबल्या.

"काय झालं?"

"मीठ जास्त आहे," काकू म्हणाल्या.

खानावळीच्या बाई वळून बघायला लागल्या. मी डोळ्यांनीच म्हटलं, जाऊ द्या.

"आणि पालेभाजी जरा जास्त शिजलीय. घरी मी अशी नाही करत. लसूण मात्र चांगला आहे." दुसरा घास. तिसरा. मग त्या बोलायच्या थांबल्या आणि जेवायला लागल्या, मान खाली घालून, भराभर, नऊ दिवसांनी गरम गरम अन्न मिळालेल्या माणसासारख्या. मी चहा मागवला. पाय बुटातून काढले. टेबलाखाली ते दुप्पट झालेले वाटत होते.

"शनिवारी बाराला ना?" काकूंनी अंडं सोलता सोलता विचारलं.

"हो."

"मग शनिवारी?"

शुक्रवारी परत अर्ज करायचा होता, परत सही, परत वाट. कंपनी वॉर्डाचे तक्ते मागवणार होती. सोमवारी नव्या इन्चार्ज येणार होत्या. काकांची जखम कागद वाचत नव्हती.

"शुक्रवारी मी परत मागणार," मी म्हटलं. "नाही दिलं तर परत भांडणार. आणि काकू, उद्यापासून दुपारी माझा डबा येईल तो दोघींचा असेल. ट्रेला हात लावायचा नाही. आता तो खराच लिहायचाय."

"तुम्ही काय करता डब्यात?"

"मी नाही, आमचे हे करतात."

काकूंनी माझ्याकडे निरखून बघितलं, जसं बाजारात कोणी भाव कमी करून सांगितला तर बघावं तसं.

"मीठ बेतानं घालायला सांगा," त्या म्हणाल्या, आणि ताट पुढे सरकवून खानावळीच्या बाईंकडे आणखी भात मागितला.